मेलिंग लिस्ट की न्यूजग्रुप? फोंड्याच्या एका ग्रंथपालांना उत्तर

पत्राचा सारांश

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या ग्रंथपाल लिहितात: ‘आमच्याकडे ग्रंथालयाचं कामकाज कोहा या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. डिचोली, साखळी, म्हापसा, मडगाव, काणकोण इथल्या शाळा-महाविद्यालयांचे ग्रंथपाल आणि काही सार्वजनिक वाचनालयांतले लोक मिळून आम्ही साठेक जण आहोत. आजवर सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, जुनं उत्तर सापडत नाही, कुणाचा फोन बदलला की त्याच्याकडचं सगळं जातं. म्हणून काहीतरी रीतसर करायचं ठरलं. तरुण मंडळींना मेलिंग लिस्ट हवी आहे, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेली मेल सगळ्या सदस्यांना जाईल. ज्यांनी आम्हा सगळ्यांना कोहा शिकवलं ते सर म्हणतात, न्यूजग्रुप करा: इनबॉक्स भरत नाही, सदस्यांची यादी सांभाळावी लागत नाही, चर्चा नीट लावलेली दिसते. निर्णय माझ्यावर सोपवलाय. सरांना दुखवायचं नाहीये. काय निवडू? व्हॉट्सॲप ग्रुप बंद करू का? आणि लिहायचं मराठीत की इंग्रजीत?’

उत्तर

ताई, सरांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते. तुमच्या पत्रात ते जुन्या माणसाचा हट्ट असल्यासारखं आलंय, पण त्यांनी सांगितलेले तिन्ही गुण खरे आहेत.

न्यूजग्रुप म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चेचा सार्वजनिक फलक, आणि अशा फलकांचं जाळं म्हणजे यूजनेट. त्याची कल्पना 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी मांडली आणि पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुलं झालं. रचना अशी की लिहिणारा आपला संदेश जवळच्या सर्व्हरवर टाकतो, सर्व्हर तो एकमेकांना देत जातात, आणि वाचणारा आपल्या सोयीने येऊन वाचतो. हजार वाचक असले तरी एका सर्व्हरवर संदेशाची प्रत एकच. 1986 मध्ये त्यासाठी एनएनटीपी हा नियमसंच आला आणि तो आजही वापरात आहे. तुमचा कोहा ज्या लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतो तिची पहिली वार्ता तिचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी 25 ऑगस्ट 1991 रोजी ‘कॉम्प डॉट ओएस डॉट मिनिक्स’ या न्यूजग्रुपवरच दिली होती. नव्वदच्या दशकात परदेशी विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठीसुद्धा ‘सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ असा एक न्यूजग्रुप होता. त्या काळात संगणक शिकलेल्या माणसाला सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांनी एकमेकांशी बोलण्याची हीच स्वाभाविक जागा वाटणार.

सदस्यांच्या यादीबद्दल सर म्हणतात ते तर तुमच्या मंडळींच्या बाबतीत फारच लागू आहे. अनुदानित आणि सरकारी संस्थांतल्या ग्रंथपालांच्या बदल्या होतात, कुणी निवृत्त होतं, कुणी सुट्टीच्या जागेवर वर्षभरच असतं. शाळेच्या नावाचा ईमेल पत्ता मागे राहतो, माणूस पुढे जातो. मेलिंग लिस्टच्या यादीत असे बंद पडलेले पत्ते साचतात आणि कुणाला तरी ते काढत बसावं लागतं. न्यूजग्रुपला ही यादीच नसते. ज्याला वाचायचंय तो येतो, नको झालं की येत नाही, आणि कुणाकडे ‘माझं नाव काढा’ अशी विनवणी करावी लागत नाही.

तरीही माझं उत्तर मेलिंग लिस्ट असंच आहे. तंत्र जुनं झालं म्हणून नाही. ईमेल तर न्यूजग्रुपपेक्षाही जुनी.

कारण तुमच्या आकड्यात आहे. साठ माणसं, त्यांतली नियमित उत्तरं देणारी फार तर पाच-सहा, आठवड्याला तीन-चार प्रश्न. न्यूजग्रुपवर वाचकाने स्वतः उठून जायचं असतं, आणि माणूस तिथेच उठून जातो जिथे रोज काहीतरी नवं असतं. वाचनकक्षाच्या मेजावर रोजचे पेपर असतात म्हणून लोक सकाळी येऊन बसतात. पंधरा दिवसांनी येणाऱ्या अंकासाठी कुणी रोज फेरी मारत नाही, तो घरपोच यावा लागतो. काणकोणच्या ग्रंथपालांनी सोमवारी विचारलेला प्रश्न न्यूजग्रुपवर पडून राहील, कारण उत्तर ठाऊक असलेली म्हापशाची व्यक्ती गुरुवारपर्यंत तिकडे फिरकणारच नाही. दोनदा असं झालं की काणकोणच्या बाई पुन्हा फोन लावतील आणि उत्तर दोघींपुरतंच राहील. मेल मात्र त्या म्हापशाच्या व्यक्तीसमोर आपणहून येऊन उभी राहते. दिवसाला शे-दोनशे संदेश येणाऱ्या समुदायाला न्यूजग्रुपची रचना शोभते, कारण तिथे प्रत्येक संदेश प्रत्येकाच्या दारात नेणं हाच जाच होतो. तुमचा तो प्रश्न नाही, आणि लवकर होईल असंही दिसत नाही.

दुसरं कारण आजच्या परिस्थितीचं. न्यूजग्रुप वाचायला वेगळा प्रोग्राम लागतो. थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्राममध्ये ती सोय आहे, पण सर्व्हरचं नाव, पोर्ट 119 किंवा सुरक्षित जोडणीसाठी 563, नाव, पासवर्ड हे सगळं प्रत्येकाच्या संगणकावर बसवून द्यावं लागेल, आणि तुमच्यातले निम्मे लोक तर मेल फोनवरच बघत असणार. मायक्रोसॉफ्टने आपले सार्वजनिक न्यूजग्रुप 2010 मध्ये बंद करायला घेतले. गूगल ग्रुप्समधून यूजनेटवर लिहिणं आणि नवं वाचणं 22 फेब्रुवारी 2024 पासून थांबलं. ब्राउझरमधून सहज आत शिरण्याचा सगळ्यात रुळलेला रस्ता तोच होता. यूजनेट मेलेलं नाही. इटर्नल सप्टेंबरसारखे मोफत सर्व्हर आहेत आणि काही तांत्रिक गटांत आजही जाणकार मंडळी लिहितात. पण साखळीच्या वाचनालयात नव्याने लागलेल्या मुलीला तिथवर नेण्यात तुमची जी शक्ती जाईल, ती तिला कोहा शिकवण्यात जावी असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीतक. तुम्ही या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ठेवल्यात, म्हणून सर एका बाजूला आणि तरुण दुसऱ्या बाजूला असं चित्र झालंय. आत बघितलं तर ही दोन्ही माध्यमं सख्खी भावंडं आहेत. संदेशाची घडण जवळजवळ एकच: कुणाकडून, विषय, तारीख, आणि हा संदेश कोणत्या आधीच्या संदेशाला उत्तर आहे याची नोंद. त्यामुळे एकातून दुसऱ्यात संदेश नेणं सोपं जातं. पायथन या भाषेच्या वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षं मेलिंग लिस्ट आणि ‘कॉम्प डॉट लँग डॉट पायथन’ हा न्यूजग्रुप जोडून ठेवला. एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे दिसायचं. 2002 मध्ये सुरू झालेल्या जीमेन या सेवेने तर हजारो मेलिंग लिस्टा न्यूजग्रुपच्या रूपात वाचायला दिल्या. लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, काम आजही मेलिंग लिस्टांवर चालतं, आणि त्यांचा संग्रह ‘पब्लिक-इनबॉक्स’ नावाच्या प्रोग्रामने ठेवलेला असल्यामुळे तोच मजकूर ब्राउझरमध्येही वाचता येतो आणि न्यूजग्रुपसारखा एनएनटीपीवरूनही.

म्हणजे सरांना हवं ते त्यांना मिळू शकतं. मेलिंग लिस्ट सुरू करा आणि तिचा संग्रह पब्लिक-इनबॉक्सवर ठेवून एनएनटीपीची वाट उघडी करा. सर थंडरबर्डमध्ये त्यांच्या आवडीप्रमाणे वाचतील, त्यांचा इनबॉक्स रिकामा राहील, आणि त्यांनी दिलेलं उत्तर लिस्टच्या पत्त्यावर गेलं की साठही जणांना पोचेल. एखादा लिनक्स सर्व्हर सांभाळणारं माणूस तुमच्यात असेल तर हे जमण्यासारखं आहे. कोहा बसवता येणाऱ्याला हे अवघड नाही. ते माणूस नसेल तर पहिल्या वर्षी हट्ट धरू नका. सरांसाठी मेलमध्ये एक फिल्टर करून द्या, लिस्टचे संदेश वेगळ्या फोल्डरमध्ये जातील आणि धाग्यांप्रमाणे, म्हणजे प्रश्न आणि त्याची उत्तरं एकाखाली एक, लावलेले दिसतील. त्यांच्या मागणीचा बराचसा भाग तेवढ्याने भागतो.

आणि हे सरांना सांगताना ‘तुमचं मत मान्य झालं नाही’ अशा सुरात सांगू नका. त्यांना एक काम मागा. संग्रह त्यांच्याकडे द्या. यादी आणि रोजची देखरेख तरुणांनी करावी, पण जुन्या उत्तरांतून निवडक धागे काढून त्यांची विषयवार सूची करणं हे ज्याला सगळा विषय माहीत आहे त्यालाच जमतं. चर्चा नीट लावलेली दिसावी असा आग्रह धरणारा माणूस तुमच्याकडे आहे, तुम्ही स्वतः ग्रंथपाल आहात. या कामाची किंमत मी तुम्हाला काय सांगू!

खरं तर सगळ्या निवडीत मला सर्वांत जास्त काळजी त्या संग्रहाची आहे. व्हॉट्सॲपवर तुमचं जे नुकसान झालं ते संदेश पोचले नाहीत म्हणून झालेलं नाही, उत्तर टिकलं नाही म्हणून झालंय. आणि उत्तर टिकणं मेलिंग लिस्ट किंवा न्यूजग्रुप निवडल्याने आपोआप होत नाही. न्यूजग्रुपच्या सर्व्हरवरचे लेख पूर्वापार ठराविक मुदतीनंतर काढले जात. टिकले ते कुणीतरी वेगळे जपले म्हणून. मेलिंग लिस्टचंही तेच. याहू ग्रुप्सवर जगभरच्या असंख्य गटांनी वीस-वीस वर्षांचं लेखन ठेवलं होतं. 2019 मध्ये तिथला मजकूर काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि 15 डिसेंबर 2020 रोजी सेवाच बंद पडली. ज्यांनी आपली प्रत वेळेत उतरवून घेतली त्यांचं वाचलं.

कोहाच्या घरातलंच एक उदाहरण आहे. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी 1999 मध्ये हे सॉफ्टवेअर लिहिलं गेलं, कारण त्यांची जुनी प्रणाली 2000 साल ओलांडू शकणार नव्हती, आणि जानेवारी 2000 मध्ये ते वापरात आलं. पुढे ते जगभर पसरलं. पण ‘कोहा डॉट ऑर्ग’ हा पत्ता एका कंपनीच्या हातात गेला, 2010 च्या आसपास मतभेद झाले आणि समुदायाला ‘कोहा-कम्युनिटी डॉट ऑर्ग’ या नव्या पत्त्यावर संसार हलवावा लागला. सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे कुणी अडवू शकलं नाही, पत्ता मात्र मुक्त नव्हता.

म्हणून स्वतःचं डोमेन नाव, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्या. वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये खर्च येतो. ते एखाद्या शाळेच्या किंवा एका व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नका. तुमच्या मंडळींनी संस्था नोंदवलेली असेल तर तिच्या नावावर घ्या, नसेल तर निदान दोघांकडे त्याच्या चाव्या असू द्या. लिस्ट आज गूगल ग्रुप्सवर चालवलीत तरी हरकत नाही, पहिल्या दिवशी सर्व्हर उभारायची गरज नाही; पण लोकांना दिलेला संग्रहाचा पत्ता तुमच्या डोमेनचा असावा, म्हणजे मागचं घर बदललं तरी पुढचा पत्ता तोच राहील. आणि एक साधी युक्ती कुठल्याही सेवेवर चालते. एक वेगळं ईमेल खातं काढा, तेही लिस्टचं सदस्य करा, आणि त्याला येणारा प्रत्येक संदेश थंडरबर्डने एका संगणकावर उतरवून घ्या. त्या फोल्डरची प्रत वर्षातून दोनदा दुसऱ्या गावी ठेवा. फोंड्याला पावसाळ्यात वीज खेळली आणि एखादी हार्ड डिस्क गेली तरी मडगावची प्रत असेल.

संग्रह उघडा असावा, शोधयंत्रांना सापडावा, असं माझं मत आहे. सिंधुदुर्गातल्या किंवा बेळगावच्या ग्रंथपालालाही तोच प्रश्न पडतो. पण उघडा म्हणजे काय हे सदस्यांना आधी नीट समजावून सांगा. कोहातल्या पुस्तकांच्या देवघेवीच्या पडद्याचा फोटो टाकताना विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, फोन नंबर, थकीत दंड हे सगळं त्यात दिसत असतं. ते झाकल्याशिवाय कुणीही काही पाठवू नये. सेटिंगची फाइल चिकटवताना डेटाबेसचा पासवर्ड काढून टाकावा. एकदा बाहेर गेलेली मेल साठ इनबॉक्समधून परत आणता येत नाही, आणि तुमचे बहुतेक वाचक तर अल्पवयीन आहेत. याबाबतीत मी कसलीही सूट देणार नाही.

आता चालवण्याच्या काही गोष्टी. लिस्टा बहुतेक वेळा इथेच अडखळतात.

‘उत्तर कुणाला जावं’ हे सुरुवातीलाच ठरवा. उत्तराचं बटण दाबल्यावर ते फक्त विचारणाऱ्याला जावं की सगळ्या लिस्टला, यावर जुन्या जाणकारांत कडाक्याचे वाद आहेत, आणि फक्त विचारणाऱ्याला जावं म्हणणाऱ्यांचं कारण वजनदार आहे: खासगी म्हणून लिहिलेलं चुकून सगळ्यांना जाऊ नये. तरीही तुमच्यासाठी मी ‘लिस्टला’ असं म्हणेन. तुमची मंडळी व्हॉट्सॲपवरून येतायत, तिथे लिहिलेलं सगळ्यांनाच दिसतं, त्यांना तेच अंगवळणी पडलंय. नाहीतर चांगली उत्तरं एकेका माणसाकडे जातील आणि संग्रहात नुसते प्रश्न राहतील.

स्क्रीनशॉटची अडचण पहिल्याच आठवड्यात येईल. मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या पिढीत संदेशाची मूळ मर्यादा फक्त 40 केबी ठेवलेली असते. फोनवरून काढलेला फोटो जोडला की तो संदेश मंजुरीसाठी अडकतो. पाठवणाऱ्याला वाटतं कुणी उत्तरच देत नाही, आणि व्यवस्थापकाला अडकलेला संदेश दिसेपर्यंत चार दिवस जातात. मर्यादा आधीच वाढवून घ्या. शिवाय लोकांना सवय लावा की पडद्यावर आलेला त्रुटीसंदेश फोटोऐवजी जसाच्या तसा टाइप करून किंवा कॉपी करून लिहायचा. फोटोतली अक्षरं शोधात सापडत नाहीत, लिहिलेली सापडतात.

लिस्टच्या मेल स्पॅममध्ये जाण्याचा त्रासही होईल. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या पत्त्यांवरून आलेल्या मेलची कडक तपासणी करायला सांगणारं धोरण लावलं तेव्हा जगभरच्या लिस्टांची दाणादाण उडाली होती. लिस्ट संदेशाच्या विषयात आपलं नाव घालते, खाली दोन ओळी जोडते. त्यामुळे मूळ संदेशावरची डिजिटल सही जुळत नाही, आणि घेणारा सर्व्हर तो बनावट समजून परत पाठवतो. परत आलेल्या मेल वाढल्या की लिस्ट त्या निर्दोष सदस्यालाच बंद करते. यावर उपाय आहे: पाठवणाऱ्याच्या जागी ‘अमुक, लिस्टमार्फत’ असं दाखवून लिस्टने स्वतःच्या पत्त्यावरून संदेश पाठवायचा. मेलमनमध्ये ती सोय आहे, गूगल ग्रुप्स गरज असेल तिथे आपणहून करतं. कुणी म्हणालं की ‘मला मेल येत नाहीत’, तर त्याच्यावर आळसाचा शिक्का मारण्याआधी हे तपासा.

दिवसाचे संदेश एकत्र पाठवणारा डायजेस्ट नुसतं वाचणाऱ्यांना ठीक आहे. उत्तर देणाऱ्यांनी तो घेऊ नये. त्यातून दिलेल्या उत्तराला ‘डायजेस्ट क्रमांक अमुक’ असा विषय लागतो आणि धागा तुटतो.

विषयाची ओळ ही तुमच्या संग्रहाची तालिकानोंद आहे असं समजा. कोहाच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात, मे आणि नोव्हेंबरमध्ये, 24.11 म्हणजे नोव्हेंबर 2024 ची. आज बरोबर असलेलं उत्तर दोन वर्षांनी चुकीचं ठरू शकतं. म्हणून विषयात आवृत्ती लिहायचीच. ‘मदत हवी’ असा विषय कुणालाच उपयोगाचा नाही. ‘24.11: देवनागरी शीर्षकं शोधात येत नाहीत’ असा विषय लिहिला, की पुढच्या माणसाला प्रश्न विचारायच्या आधीच तो सापडतो. तुमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न बहुधा हाच असेल असा माझा कयास आहे. त्याचं एक उत्तर, कोहातल्या झेब्रा या शोधयंत्रणेत अक्षरं हाताळायची ‘आयसीयू’ नावाची (युनिकोडसाठीची) पद्धत निवडायची आणि मग सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधायची, हे कुणीतरी नीट, पायरीपायरीने लिहून संग्रहात ठेवलं तर तेवढ्यानेच लिस्टचं पहिलं वर्ष सार्थकी लागेल.

प्रश्न सुटला की विचारणाऱ्याने परत येऊन ‘सुटला, असा सुटला’ हे लिहिलंच पाहिजे. नियम म्हणून सांगा, दोनदा आठवण करा. पाच उत्तरांतलं कुठलं लागू पडलं हे नंतर वाचणाऱ्याला दुसरीकडून कळत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करू नका. सकाळी शाळा भरायच्या वेळी देवघेव अडली तर माणूस मेल लिहीत बसणार नाही, आणि बसूही नये. तातडीचं तिथे विचारा. फक्त एक पद्धत घाला: तिथे सुटलेला प्रश्न ज्याने विचारला होता त्याने त्याच दिवशी प्रश्न आणि उत्तर एका मेलमध्ये लिस्टला पाठवायचा. सुरुवातीला हे तुम्हालाच करावं लागेल. महिनाभर केलंत की दोन-तीन जण हाताशी येतील. वाढदिवस, शुभेच्छा, गणपतीचे फोटो तिथेच राहू देत. माणसं जोडलेली राहतात ती त्याने, आणि लिस्ट स्वच्छ राहते.

लिस्ट शांत असली तर घाबरू नका. दोन आठवडे कुणी काही लिहिलं नाही म्हणजे ती फसली असं नाही. कोहा नीट चाललंय असाही त्याचा अर्थ असतो. गोवेकरांना हे माध्यम परकं नाही. 1994 पासून चालत आलेल्या ‘गोवानेट’ या मेलिंग लिस्टने जगभर पांगलेल्या गोवेकरांना एकत्र आणलं होतं, तेव्हा भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायलाही सुरुवात झाली नव्हती. ती सोय ऑगस्ट 1995 मध्ये आली. आणि सगळेच प्रश्न तुम्ही सोडवायचे असं ओझं घेऊ नका. कोहाच्या जागतिक समुदायाची मेलिंग लिस्ट आहे, तिचा संग्रह उघडा आहे. तुमच्यातल्या एकाने तिथे नाव नोंदवावं, इथे न सुटलेला प्रश्न तिथे न्यावा आणि उत्तर इथे आणावं. स्थानिक लिस्टने स्थानिक गोष्टी धराव्यात: देवनागरी तालिकानोंदी, पोर्तुगीज पुस्तकांच्या शीर्षकांतली उच्चारचिन्हं, आपल्याकडच्या बारकोडच्या पट्ट्या कुठे चांगल्या मिळतात, दाखलनोंदवहीतल्या जुन्या नोंदी संगणकावर चढवताना काय काय निघतं.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. मराठीत लिहा, निःसंकोच लिहा. कोकणी लिहिणाऱ्याने कोकणीत लिहावं, इंग्रजी सोयीची असेल त्याने इंग्रजीत. कुणाला भाषेमुळे गप्प बसावं लागलं तर त्याचा प्रश्न तुम्हाला कळणारच नाही. मात्र देवनागरी ती युनिकोडमध्येच. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर अगम्य चिन्हं होऊन येतो आणि संग्रहात शोधता येत नाही. रोमन लिपीत लिहिलेली मराठीही टाळा, कारण ‘पुस्तक’ हा एकच शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहितात. कोहाच्या पडद्यावरच्या बटणांची आणि त्रुटींची नावं मात्र पडद्यावर दिसतात तशीच, त्याच लिपीत राहू द्या, त्यांचं भाषांतर करू नका. अडलेला माणूस शोधताना तेच शब्द टाकतो.